वजन घटवण्याची शस्त्रक्रिया : संमतीपत्रावर सही करण्यापूर्वीचा अभ्यास

समजा, भोपाळमधील एका मराठी कुटुंबातील ४६ वर्षांची स्त्री आहे. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ९८ किलो. मधुमेह जडून नऊ वर्षे झाली असून दोन गोळ्यांवरून उपचार आता इन्सुलिनपर्यंत आले आहेत. जिना चढताना गुडघे कुरकुरतात, रात्री घोरण्याचा त्रास आहे आणि दिवसा बसल्याजागी डोळा लागतो. आहार, चालणे, योगासने सारे करून झाले. दरवेळी आठ-दहा किलो उतरले आणि वर्षभरात परत आले. अशा वेळी एका रुग्णालयात तिला वजन घटवण्याची शस्त्रक्रिया सुचवली जाते आणि पुढच्याच महिन्याची तारीखही दिली जाते. म्हापशाला दिलेली धाकटी बहीण फोनवर म्हणते, ‘ताई, घाई करू नकोस.’ सासरची माणसे म्हणतात, आता उशीर नको.

दोन्ही बाजूंचे म्हणणे खोटे नाही. ही शस्त्रक्रिया अनेकांसाठी हिताची ठरली आहे, आणि ती गंभीर शस्त्रक्रिया आहे हेही तितकेच खरे. प्रश्न करावी की न करावी एवढाच नसतो. कोणती करावी, कोणाकडून, कोणत्या शहरात आणि पुढची वीस-तीस वर्षे कोणत्या तयारीने, हे सारे प्रश्न त्याच एका निर्णयात दडलेले असतात. त्यांची उत्तरे शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्यापूर्वीच शोधावी लागतात.

गोव्यासाठी हा विषय दूरचा नाही

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले. राज्यांच्या यादीत गोवा २६.४ टक्क्यांसह सर्वांत वर होता, तर उत्तर प्रदेश ४.८ टक्क्यांसह सर्वांत खाली. त्याच पाहणीत देशातील २८.६ टक्के प्रौढ स्थूल, तर ३९.५ टक्के प्रौढांच्या पोटाभोवती घातक प्रमाणात चरबी साचलेली आढळली. वजन घटवण्याची शस्त्रक्रिया आज मधुमेहावरील उपचार म्हणूनही केली जाते. त्यामुळे भोपाळच्या घरातील ही चर्चा पणजी, मडगाव वा फोंड्यातील अनेक घरांतही होऊ शकते.

सार्वजनिक जीवनातील उदाहरणेही लोकांच्या स्मरणात आहेत. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली. अरुण जेटली यांनी मधुमेहाच्या कारणास्तव सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्लीत ती करून घेतली. त्यांना मात्र त्यानंतर पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागले. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली तर एक गोष्ट ध्यानात येते. शस्त्रक्रिया तीच असली तरी प्रत्येक शरीराचा प्रवास निराळा असतो आणि दुसऱ्याचा अनुभव आपल्यासाठी हमी ठरत नाही.

पात्रता कशी ठरते

निर्णयाचा पहिला आधार म्हणजे बॉडी मास इंडेक्स, अर्थात बीएमआय. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा मिळतो. वरील उदाहरणात १.५८ चा वर्ग सुमारे २.५ होतो; त्यावरून बीएमआय ३९.३ येतो.

अमेरिकेत १९९१ मध्ये ठरलेल्या निकषांनुसार बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असेल, अथवा ३५ हून अधिक असून सोबत मधुमेहासारखा गंभीर आजार असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा असे मानले जात होते. तीस वर्षे जगभर हाच दंडक चालला. २०२२ मध्ये या क्षेत्रातील अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो बदलला. आता बीएमआय ३५ च्या वर असल्यास इतर आजार नसले तरी, आणि ३० ते ३५ दरम्यान असल्यास चयापचयाचे विकार असतील तर, शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. आशियाई लोकांत तुलनेने कमी वजनावरच मधुमेह व हृदयविकार उद्भवतात. म्हणून त्यांच्यासाठी ही मर्यादा २७.५ पर्यंत खाली आणलेली आहे.

येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. ‘शस्त्रक्रियेचा विचार करता येतो’ याचा अर्थ ‘शस्त्रक्रिया करावीच’ असा होत नाही. शिवाय वैद्यकीय पात्रता आणि विम्याची पात्रता या भिन्न बाबी आहेत. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या अटींनुसार आरोग्य विम्यात या शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी रुग्णाचे वय किमान १८ वर्षे आणि शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने झालेली असावी लागते. बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक हवा. अथवा ३५ किंवा त्याहून अधिक असून, वजन घटवण्याचे सौम्य उपाय निष्फळ ठरल्यानंतरही, स्थूलतेमुळे हृदयाचे विकार, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांपैकी काही असायला हवे. म्हणजे बीएमआय २९ असलेल्या व्यक्तीला शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या सुचवली गेली, तरी विमा कंपनी खर्च नाकारू शकते. गोव्यातील कुटुंबांनी दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत आपल्याला सुचवलेली नेमकी शस्त्रक्रिया समाविष्ट आहे का, हे आधी लेखी विचारून घ्यावे. तोंडी आश्वासनावर तारीख घेऊ नये.

पर्याय कोणते

आज प्रामुख्याने तीन शस्त्रक्रिया केल्या जातात. तिन्ही दुर्बिणीतून होतात आणि पोटावर मोठा छेद घ्यावा लागत नाही. त्यामुळे ‘छोटेसे ऑपरेशन’ असा समज पसरतो. छेद लहान असले तरी आत होणारा बदल मोठा असतो.

पहिली स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. हिच्यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढून टाकला जातो आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक राहते. खाणे कमी होते, शिवाय भूक चेतवणारे एक संप्रेरक मुख्यतः जठराच्या काढून टाकलेल्या भागातच तयार होत असल्याने भूकही मंदावते. आतड्यांना हात लावला जात नाही, म्हणून ही तुलनेने सोपी मानली जाते. मात्र काढलेले जठर परत बसवता येत नाही. तसेच आम्ल अन्ननलिकेत उलट वर येण्याचा त्रास हिच्यानंतर नव्याने सुरू होऊ शकतो किंवा असलेला वाढू शकतो. ज्यांना आधीपासून छातीत जळजळ होते त्यांनी ही बाब शल्यचिकित्सकापाशी स्पष्टपणे काढावी.

दुसरी गॅस्ट्रिक बायपास. जठराच्या वरच्या टोकाशी लहानशी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडली जाते. अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून जाते. या शस्त्रक्रियेची मुळे १९६० च्या दशकात अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी केलेल्या कामात आहेत. दुर्बिणीतून ती १९९० च्या दशकात होऊ लागली. मधुमेह आणि आम्ल उलटण्याचा त्रास असणाऱ्यांना ती अनेकदा सुचवली जाते. हिच्यानंतर जीवनसत्त्वे व खनिजे कमी शोषली जातात. गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, पोटात मुरडा व जुलाब असा ‘डम्पिंग’चा त्रास होऊ शकतो. जोडाच्या जागी व्रण होण्याचा धोका असतो आणि तंबाखू व वेदनाशामक गोळ्या तो वाढवतात. वळसा घातलेल्या जठरात पुढे दुर्बीण घालून पाहणेही अवघड होते.

तिसरी मिनी बायपास, म्हणजे एकाच जोडाची बायपास. भारतात ती बऱ्यापैकी प्रचलित आहे. लांबट पिशवी आणि आतडे यांच्यात एकच जोड असल्याने शस्त्रक्रियेला वेळ कमी लागतो. पित्त पिशवीत उलट येणे हा तिच्यातील खास प्रश्न आहे. आतड्याचा वगळलेला भाग जितका लांब, तितकी कुपोषणाची शक्यता अधिक. ‘मिनी’ या शब्दामुळे ती किरकोळ आहे, असे समजू नये.

जठराभोवती सिलिकॉनचा पट्टा बसवण्याची पद्धत एके काळी लोकप्रिय होती. दीर्घकाळात अनेकांचे पट्टे काढावे लागल्याने ती मागे पडली. जठरात काही महिन्यांसाठी फुगा ठेवणे किंवा तोंडावाटे दुर्बीण घालून जठराला टाके घालून ते अरुंद करणे, हे शस्त्रक्रियेपेक्षा सौम्य पर्याय आहेत. त्यांनी घटणारे वजनही तुलनेने कमी असते, आणि फुगा काढल्यावर ते परतण्याची शक्यता असते.

याखेरीज औषधांचा पर्याय आता गांभीर्याने विचारात घ्यावा लागतो. टिर्झेपटाइड हे इंजेक्शन भारतात मार्च २०२५ मध्ये, तर वजन घटवण्यासाठीच्या मात्रेतील सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये बाजारात आले. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन घटले. टिर्झेपटाइडच्या सर्वाधिक मात्रेवर ७२ आठवड्यांत हे प्रमाण २१ टक्क्यांच्या जवळ गेले. मात्र सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले, असेही दिसून आले. म्हणजे औषध दीर्घकाळ घ्यावे लागते आणि त्याचा खर्चही चालू राहतो. तरीही जी व्यक्ती शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यावर उभी आहे, तिला हा पर्याय समजावून सांगितलाच गेला नसेल, तर सल्ला अपुरा आहे असे समजावे.

‘साठ टक्के वजन कमी’ याचा खरा अर्थ

जाहिरातींत सर्वाधिक गोंधळ याच आकड्याचा असतो. शल्यचिकित्सेतील टक्केवारी पुष्कळदा एकूण वजनाची नसते. ती ‘अतिरिक्त वजना’ची असते. अतिरिक्त वजन म्हणजे सध्याचे वजन वजा बीएमआय २५ असताना असणारे वजन. वरील उदाहरणात बीएमआय २५ ला वजन सुमारे ६२.४ किलो येते. ९८ किलोंतून ते वजा केले की अतिरिक्त वजन ३५.६ किलो भरते. या हिशेबाने ‘साठ टक्के’ म्हणजे सुमारे २१ किलो. वाचणाऱ्याला मात्र ९८ किलोंचे साठ टक्के, म्हणजे जवळपास ५९ किलो, उतरतील असे वाटू शकते.

फिनलंडमधील ‘स्लीव्हपास’ या चाचणीत रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून दहा वर्षे पाहण्यात आले. दहा वर्षांनंतर अतिरिक्त वजनातील घट स्लीव्हनंतर सरासरी ४३.५ टक्के आणि बायपासनंतर ५०.७ टक्के होती. वरील उदाहरणाला हे प्रमाण लावले तर अंदाजे साडेपंधरा आणि अठरा किलो होतात. त्या चाचणीतील रुग्ण अधिक वजनाचे होते, त्यामुळे हा केवळ ढोबळ हिशेब आहे. अपेक्षा जमिनीवर आणण्यासाठी मात्र तो पुरेसा आहे. त्याच चाचणीत अन्ननलिकेचा दाह स्लीव्ह झालेल्या ३१ टक्के आणि बायपास झालेल्या ७ टक्के रुग्णांत आढळला. दोन शस्त्रक्रियांतील निवड ही अशी देवाणघेवाण असते.

मधुमेहाबाबतही नेमकेपणा हवा. अमेरिकेतील ‘स्टॅम्पीड’ चाचणीत पाच वर्षांनंतर तीन महिन्यांची सरासरी साखर सहा किंवा त्याखाली राखणाऱ्यांचे प्रमाण बायपासनंतर २९ टक्के, स्लीव्हनंतर २३ टक्के आणि केवळ औषधोपचारावर ५ टक्के होते. शस्त्रक्रियेचा लाभ ठळक आहे, यात शंका नाही. पण दहांतील सात रुग्ण त्या कडक उद्दिष्टापर्यंत पोहोचले नाहीत, हेही तेच आकडे सांगतात. मधुमेह जितका जुना आणि इन्सुलिनची गरज जितकी अधिक, तितकी तो पूर्णपणे मागे हटण्याची शक्यता कमी. तरीही औषधे कमी होणे, साखर स्थिर राहणे हा लहान लाभ नव्हे.

आयुष्यमानाचा सर्वांत दीर्घ पुरावा स्वीडनचा आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या तेथील अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले रुग्ण, शस्त्रक्रिया न झालेल्या तशाच स्थूल रुग्णांपेक्षा सरासरी तीन वर्षे अधिक जगले, असा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत मात्र त्यांचे आयुष्य साडेपाच वर्षांनी कमीच राहिले.

धोके : पहिला महिना आणि पुढची वर्षे

अमेरिकेतील दहा केंद्रांवरील ४,७७६ रुग्णांच्या अभ्यासात पहिल्या ३० दिवसांत मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के आणि मोठ्या गुंतागुंतीचे प्रमाण ४.३ टक्के आढळले. ते २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. हजारांतील तिघे हा आकडा लहान वाटतो; पण ही अनुभवी केंद्रांची सरासरी होती. साधने अपुरी असलेल्या ठिकाणी तिच्यावर विसंबता येत नाही.

सुरुवातीच्या काळातील मोठे धोके तीन : टाक्यांच्या रेषेतून किंवा जोडातून गळती, रक्तस्राव, आणि पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे. यांतील गळती विशेष फसवी असते. ती रुग्णालयात असतानाच दिसेल असे नाही. रुग्ण घरी गेल्यावर, काही वेळा आठवड्याने वा त्याहून उशिराही उघड होते. नाडीचा वेग वाढलेला राहणे, ताप, पोटात वाढते दुखणे, धाप, डाव्या खांद्यात कळ ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. ‘गॅस झाला असेल’ म्हणून घरगुती उपाय करत बसणे जिवावर बेतू शकते.

भोपाळ असो की गोवा, अंतराचा प्रश्न येथेच उभा राहतो. नाव ऐकून भोपाळचा रुग्ण इंदूरला, मुंबईला वा दिल्लीला जातो. गोव्याचा रुग्ण मुंबई, बेंगळूरू वा बेळगावची वाट धरतो. चार दिवसांत घरी सोडले जाते. आठव्या दिवशी ताप आला, तर शस्त्रक्रिया करणारा शल्यचिकित्सक शेकडो किलोमीटर दूर असतो आणि गावातील डॉक्टरने जठराची बदललेली रचना पाहिलेलीही नसते. म्हणून दूरच्या शहरात शस्त्रक्रिया करायचीच असेल, तर किमान दोन-तीन आठवडे तेथेच राहण्याची सोय करावी. आपल्या गावात सीटी स्कॅन, एंडोस्कोपी आणि अतिदक्षता विभाग असलेले कोणते रुग्णालय रात्री-अपरात्री दाखल करून घेईल, हे आधीच निश्चित करावे. शस्त्रक्रियेचा सविस्तर अहवाल घरी सोडतानाच हाती असावा.

एप्रिल २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या २६ वर्षांच्या तरुणाचा चेन्नईतील एका खासगी रुग्णालयात वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेदरम्यान प्रकृती बिघडून मृत्यू झाला. तमिळनाडूच्या आरोग्य विभागाने चौकशी केली. आणीबाणी हाताळण्याच्या सुविधा अपुऱ्या आढळल्याने त्या रुग्णालयाचे कामकाज तात्पुरते थांबवण्यात आले. तरुण वय हे सुरक्षिततेचे कवच नसते आणि शल्यचिकित्सकाच्या हातोटीइतकेच रुग्णालयाच्या सज्जतेलाही महत्त्व असते, हे त्या घटनेने दाखवून दिले.

पुढच्या वर्षांतील धोके संथ गतीने येतात. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता हे त्यांतील प्रमुख होत. शाकाहारी घरांत बी-१२ आधीच कमी असते. शस्त्रक्रियेनंतर ते आणखी घसरते. गोळ्या किंवा इंजेक्शने आयुष्यभर घ्यावी लागतात. पहिल्या वर्षी तीन-चार वेळा आणि नंतर दरवर्षी रक्ततपासणी अटळ असते. उलट्या सतत होत राहिल्या तर बी-१ जीवनसत्त्व घटून मेंदूला व मज्जातंतूंना इजा होऊ शकते. भराभर वजन उतरताना पित्ताशयात खडे होणे, केस गळणे, त्वचा लोंबणे हेही घडते. शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला जातो.

मद्याचा मुद्दा गोव्यात तरी वगळता येणार नाही. बायपासनंतर दारू झपाट्याने रक्तात भिनते. जुन्या प्रमाणातील एक पेगही अधिक चढतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात मद्याच्या आहारी जाण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वी ७.६ टक्के होते. दुसऱ्या वर्षाअखेर ते ९.६ टक्क्यांवर गेले. आधीपासून नियमित पिणाऱ्याने हे शल्यचिकित्सकापासून लपवू नये. मनोविकारतज्ज्ञाची भेट ही याच कारणासाठी असते. नैराश्य, भावनेच्या भरात खाण्याची सवय आणि व्यसन यांची चाचपणी तेथे होते. तिला केवळ सोपस्कार समजू नये.

आधीच्या तपासण्या आणि भोपाळची एक खास नोंद

शस्त्रक्रियेपूर्वी हृदय, फुप्फुसे, यकृत, थायरॉइड, जीवनसत्त्वे यांच्या तपासण्या, पोटाची सोनोग्राफी आणि जठराची एंडोस्कोपी अपेक्षित असते. घोरणाऱ्या रुग्णाची झोपेची चाचणी व्हायला हवी, कारण स्लीप ॲप्निया ठाऊक नसताना दिलेली भूल घातक ठरू शकते. तंबाखू आणि धूम्रपान काही आठवडे आधी बंद करावे लागते. यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार दिला जातो.

भोपाळच्या रुग्णांसाठी यात आणखी एका प्रश्नाची भर पडते. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायूची गळती झाली, त्या वेळी जुन्या शहरात असलेल्या अनेकांच्या फुप्फुसांना कायमची इजा झाली. तेव्हा पाच वर्षांचे असलेले मूल आज चाळिशी ओलांडून गेले आहे. आपण त्या रात्री कोठे होतो, नंतर दम्याचा वा श्वासाचा त्रास झाला का, हे भूलतज्ज्ञाला आपणहून सांगावे आणि फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी मागून घ्यावी. अनेकांना हा इतिहास इतका अंगवळणी पडलेला असतो की तो आजाराच्या नोंदीत येतच नाही.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

शल्यचिकित्सकाला प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये स्पष्ट केले की, उपचारांचे स्वरूप, हेतू, पर्याय, धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती मिळाल्यावरच संमती खरी ठरते. डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितलेली वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांत देणे बंधनकारक आहे.

भेटीला जाताना पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. सोबत घरातील एक शांत डोक्याची व्यक्ती असावी.

• माझ्यासाठी हीच शस्त्रक्रिया का? दुसरी का नाही? औषधांचा पर्याय का नाकारला?

• आपण ही शस्त्रक्रिया वर्षाला किती करता? गळती, रक्तस्राव आणि पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ किती रुग्णांवर आली?

• रुग्णालयात चोवीस तास अतिदक्षता विभाग, भूलतज्ज्ञ, रक्तपेढीची सोय आणि सीटी स्कॅन आहे का?

• पाच वर्षांनंतर माझे वजन किलोमध्ये किती असेल, असा आपला अंदाज आहे?

• आहारतज्ज्ञ व मनोविकारतज्ज्ञ पथकात आहेत का? पुढील पाठपुरावा कोण करणार आणि त्याचे शुल्क पॅकेजमध्ये आहे का?

• गुंतागुंत झाल्यास वाढीव खर्च कोणाचा? विमा तो देईल का?

डॉक्टरांची नोंदणी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर, तर रुग्णालयाची एनएबीएच मान्यता त्या मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येते. हमी देणारे, ‘आजच नोंदणी केल्यास सवलत’ सांगणारे किंवा आधीच्या रुग्णांची केवळ छायाचित्रे पुढे करणारे ठिकाण टाळावे. दुसरे मत शक्यतो ज्याचा या शस्त्रक्रियेशी आर्थिक संबंध नाही, अशा तज्ज्ञाकडून घ्यावे. भोपाळमध्ये एम्स आहे, गोव्यात बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील शल्यविभाग किंवा मधुमेहतज्ज्ञ यांच्याकडे सारे अहवाल घेऊन जाता येते.

वजन वाढणे हा चारित्र्याचा दोष नाही आणि शस्त्रक्रिया करून घेणे ही पळवाट नाही. टोमण्यांना कंटाळून, लग्नसराईपूर्वी बारीक व्हायचे म्हणून किंवा नातेवाइकांच्या आग्रहाखातर मात्र हा निर्णय घेऊ नये. ही शस्त्रक्रिया क्वचितच तातडीची असते. दोन-तीन महिने तपासण्यांत आणि विचारात गेले, तर बहुतेकांचे काही बिघडत नाही. उलट त्या काळात आहाराची नवी शिस्त जमते का, गोळ्या नियमाने घेतल्या जातात का, याची रंगीत तालीम होते. भोपाळच्या त्या काल्पनिक ताईने मिळालेली तारीख दोन महिने पुढे ढकलली, झोपेची आणि फुप्फुसांची चाचणी करून घेतली, दुसरे मत घेतले आणि मगच सही केली किंवा नाकारली, तर दोन्ही वेळा तो निर्णय तिचा स्वतःचा असेल.